मान म्हटल्यावर आदर

जाकमेल बंदराच्या खालच्या आळीत कॉफीच्या जुन्या सावकारांची लोखंडी सज्ज्यांची घरं आहेत. वर आता कबुतरं राहतात, खाली मुखवटेवाले. त्यातल्याच एका घराच्या परसात क्लेर्सीनाचा जन्म गेला. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद भिजवायचा, कसाव्याच्या कंदाच्या पिठाची खळ शिजवायची, मातीच्या साच्यावर थर चढवून कार्निव्हलसाठी वाघ, पोपट, शिंगवाले सैतान करायचे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सैतान काय कमी आहेत घरात?" बहीण वारली तेव्हा तिची तान्ही इव्रोझ मात्र पदरात घेतली आणि खळीच्या हातांनीच वाढवली.

ती इव्रोझ शिकली, राजधानीत नोकरीला लागली. एका बड्या घरच्या मुलानं तिला मागणी घातली. होणारी सासू, मादाम दोर्साँविल, यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमचं घराणं कुठलं गं?" इव्रोझच्या तोंडून निघून गेलं, "जाकमेलचे कॉफीवाले." घर खरं सांगितलं, मजला तेवढा चुकवला.

आणि आता मादामना मुखवटेवाल्यांची आळी बघायची हौस आली. नाही कसं म्हणणार? इव्रोझ काळा चष्मा लावून समोरच्या कडेनं चालत होती. पण मादाम रंग दिसला की साखरेकडे मुंगी जावी तशा तिकडे. नेमक्या क्लेर्सीनाच्या दारातून सरळ आत शिरल्या.

जाकमेलमध्ये असं कुणी शिरत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून "मान!" अशी हाळी द्यायची, आतून "आदर!" आलं की मगच पाऊल टाकायचं. इव्रोझनं ठरवलं होतं, परक्यासारखं गुपचूप जायचं. पण उंबऱ्याशी पाय अडले आणि लहानपणापासूनची ती शेवटाला लांबवलेली हाळी आपसूक बाहेर पडली, "माऽन!"

"आदर! आलीस गं माझी..." म्हणत क्लेर्सीना कोपरापर्यंत खळ घेऊन धावत आली. समोर रेशमी कपड्यातली बाई. मागे इव्रोझ, मान खाली. म्हातारीनं दोघींकडे पाहिलं आणि हात फडक्याला पुसले.

"या मादाम," ती म्हणाली. मग इव्रोझकडे वळून, "तुम्हीही या, बाईसाहेब."

इव्रोझच्या कानशिलात बसली असती तरी बरं वाटलं असतं.

"शी, काय हा वास!" मादाम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "इव्रोझ, तुझ्या आजोबांचं घर इथेच ना कुठेसं?"

उत्तर म्हातारीनंच दिलं. "हेच की. वर राहायचे ते. फार मोठी माणसं."

"म्हणजे तू हिला ओळखतेस?" मादामनी म्हातारीला विचारलं.

"लहानपणी पाहिलंय. खालीच असायची सदा. टोपात बोट घालून खळ चाटायची."

"खळ?"

"बड्यांची लेकरं, मादाम! चोचले असायचेच."

मादाम खळखळून हसल्या. इव्रोझही हसली, आणि त्या हसण्याची तिलाच किळस आली. मादामनी वाघाचा मुखवटा घेतला. क्लेर्सीनानं तो गुंडाळून इव्रोझच्या हातात दिला आणि आत निघून गेली. जाताना पाठ जरा जास्तच वाकल्यासारखी दिसली.

गाडीपाशी मादाम म्हणाल्या, "म्हातारी गोड आहे हं. पण तू दारात ओरडलीस काय अशी गावंढळासारखी?"

इव्रोझनं चष्मा काढला. वाघ त्यांच्या हातात दिला आणि मागे वळली. उंबऱ्याबाहेर उभं राहून तिनं हाळी दिली, "मान!"

आतून नुसती टोपात पळी फिरत असलेली ऐकू येत होती.

"मान!"

मादाम मागोमाग आल्या. "अगं, दार उघडंच आहे. विसरलीस काही तर जा ना आत!"

"तिनं आदर म्हटल्याशिवाय जाता येत नाही," इव्रोझ म्हणाली. पुढचं आतपर्यंत पोचेल असं मोठ्यानं बोलली. "माझी मावशी आहे ती. मी याच परसात वाढले. वर आमचं कुणी कधीच नव्हतं."

मादामच्या हातातला वाघ तसाच राहिला. आत पळी थांबली.

इव्रोझ उंबऱ्याबाहेर उभीच होती.