बाळादाने घेतलेला नारळ

कोणी सुपारीचा नारळ पुढे केला की बाळादाचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे. तारीख कुठली, गाव कुठलं, बाकीचे मोकळे आहेत का, हे सगळं नंतर. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस आमच्या रॉक बँडचा पुढारी होता. मी ड्रम वाजवायचो आणि दातओठ खायचो.

ऐंशीच्या त्या दशकात रत्नागिरीत आमची भलतीच चलती होती. लोक आधी आमची तारीख घ्यायचे, मग भटजींकडे मुहूर्ताला जायचे. लोट्याच्या कारखान्यांत पाळी सुटली की कामगार कंपनीची बस आमच्या मांडवापाशीच थांबवायचे. बाळादा इलेक्ट्रिक गिटारवर असा झणझणाट करायचा की आजोबासुद्धा टोपी सावरत नाचायचे. आणि मग यजमानांनी म्हटलं म्हणून हा बाबा त्याच गिटारवर सत्यनारायणाची आरती वाजवायचा!

"अरे, रॉक बँड आहे आपला!" मी कपाळ बडवायचो.

"आरतीला काय ताल नसतो, मेल्या?"

एकदा मुंबईच्या कॅसेट कंपनीचा साहेब आम्हांला ऐकून गेला. पंधरा दिवसांत पत्र आलं, रविवारी रेकॉर्डिंगला या. मला आकाश ठेंगणं झालं. पत्र घेऊन धावतच कारखान्यात गेलो. बाळादाने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"रविवारी लांज्याला हळद हाय. नारल घेतलाय मी."

"मग परत कर!"

"घेतलेला नारल कोन परत करतो? ममईवाल्यांना धा बँड गावतील. त्या पोरीची हळद एकदाच."

पोरगी काजू सोलायच्या कामावर जाणारी. तिच्या हळदीत मी ड्रम अक्षरशः बडवले, ते निव्वळ रागाने. लोक म्हणाले, असं वाजवणं कधी ऐकलं नाही. कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. मी महिनाभर बाळादाशी बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला कधीच माफ केलं नाही.

चार वर्षांनी बाळादा हृदयविकाराने अचानक गेला. तेराव्याला मी निघालो, तशा वहिनी आतून नारळ घेऊन आल्या.

"फुडल्या म्हैन्यात लोट्याला लगीन हाय. ह्यांनी घेतलेला. आता कोन बघनार, भावजी?"

मी ड्रम विकायला काढले होते. एक गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं. आणि मेल्यावरही हा माणूस मला न विचारता तारीख ठरवून गेला होता! इतका संताप आला की डोळेच भरून आले. माझे दोन्ही हात कधी पुढे झाले, मला कळलंच नाही.