दोन बा
नव्या साडीची घडी मोडताना खळीचा वास आला की बेळगावच्या वडगावातल्या आमच्या मागाच्या खोलीतली एक दुपार आठवते. टाळेबंदीत माग बंद होते, त्यातच आमचा बा गेला. वडिलांना आम्ही बाच म्हणायचो. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यांच्या जागी थोरली आक्का बसू लागली. तिच्या शेजारी मोबाइलवर दिवसभर एकच कन्नड गाणं चालू असे. मागाच्या खडखडाटात बाकीचे शब्द बुडून जात, ध्रुवपदातलं ‘बा, बा’ तेवढं ऐकू येई. पुढे एकदा तो गायकच बायकोसाठी साडी घ्यायला आमच्याकडे आला. आक्कानं माग थांबवला, हाताला लागलेलं सूत झटकलं आणि म्हणाली, “अण्णा, तुमच्या गाण्यानं तगवलं बघा मला. आमच्या ‘बा’लाच हाक मारल्यागत वाटायचं.” तो अवघडला. मोडक्या मराठीत हळूच म्हणाला, “आक्का, कन्नडात बा म्हणजे ‘ये’.” “ठाऊक हाय की,” आक्का म्हणाली. “गिऱ्हाइकांशी कन्नडच बोलते मी. पयला बा आमचा, दुसरा तुमचा.” तो साडी घेऊन गेला. परवा बेळगावात त्याचा कार्यक्रम ऐकला. पूर्वी ते दोन शब्द तो एका दमात म्हणायचा. आता पहिल्या ‘बा’नंतर थोडा थांबतो, आणि मग दुसरा म्हणतो.