रोडग्यांखालचा कोळसा

माणिकबाईनं उभ्या जन्मात कुणाला विस्तव नाकारला नव्हता. त्याच गुणापायी ती गोत्यात आली.

बाळापूरच्या अलीकडच्या गावातली ही बाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. कापसाला भाव नाही, निंदणाची मजुरीही आटलेली, अशा वर्षांत गावातल्या बायांना भट्टीचं काम मिळालं आणि ते सांभाळायला माणिकबाईच पुढे झाली. वेचणी संपली की कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटायची, खड्ड्यातल्या भट्टीत पेटवायची आणि राख व्हायच्या आत पाणी मारून कोळसा राखायचा. इथवर ठीक होतं. पण तो कोळसा शेणखतात कालवून वावरात गाडायचा, हे काही गावाच्या पचनी पडेना. पऱ्हाटीनं वाढताना हवेतून ओढलेला कार्बन मातीतच राहिला, तर देशाच्या कार्बन बाजारात तो धरला जाणार होता. मर्यादेबाहेर धूर सोडणारे कारखाने तो विकत घेणार होते आणि त्याच पैशातून बायांची मजुरी निघणार होती. कोळसा जळाला तर मात्र सगळं पुन्हा हवेत.

चांगला कोळसा मातीत घालायचा, हे माणिकबाईच्या अगदी जिवावर यायचं. त्यात शेजारच्या खुशालरावांकडे नवसाच्या रोडग्यांची, विस्तवात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत ठरली आणि अवकाळीनं त्यांच्या गोवऱ्या भिजल्या. ते दारात आले तशी तिनं निंबाजवळच्या वावरासाठी भरलेली कोळशाची पोती उचलून दिली. रोडगे झकास भाजले. गाव जेवलं, माणिकबाईही पोटभर जेवली.

मग मातीत किती कोळसा गेला ते तपासायला अकोल्याहून कार्बन मोजणारी मिस्बाह आली. खोटं सापडलं तर भट्टी बंद, हे बायांना आधीच बजावलेलं होतं. भट्टीवरच्याच वच्छलेनं माणिकबाईला बाजूला ओढलं.

"काळ्या वावरात काळा कोळसा कोनाले दिसते? टाकला म्हन अन् मोकळी हो."

निंबाजवळच्या वावरात मिस्बाह खुरपं घेऊन बसली. या वावराच्या वाट्याचा कोळसा टाकला ना, असं तिनं विचारलं. वच्छलेनं मान हलवलीसुद्धा. मागे उभ्या बायांच्या चुली या भट्टीवर होत्या, हे माणिकबाईला कुणी सांगायला नको होतं. पण त्यांच्याच देखत खोटं बोलायला जीभ उचलेना.

"थांब माय. इथं नाई टाकला. रोडग्याखाली जळाला तो. म्याच देला."

मिस्बाहनं खुरपं खाली ठेवलं. "मग बाकीच्या वावरांचं तरी मी खरं कसं मानू, मावशी?"

"खनून पाय," एवढंच माणिकबाई म्हणाली.

मिस्बाहनं खरंच एकेक वावर खणलं. भर उन्हात बाया मागोमाग चालल्या. प्रत्येक ठिकाणी ढेकळांतून कोळशाचा चुरा निघाला. जळालेली खेप तिनं हिशेबातून कापली, बाकीचं धरलं आणि जाताना बजावलं की पुन्हा एक तुकडा जरी कुणाच्या चुलीत गेला, तर भट्टी कायमची जाईल. कापलेल्या खेपेपायी बाया माणिकबाईशी धड बोलेनात.

पुढच्याच आठवड्यात खुशालराव पुन्हा आले. घरी पाहुणे होते आणि नव्या सरीनं गोवऱ्या पुन्हा भिजल्या होत्या. माणिकबाई कोळशाच्या ढिगाच्या आडवी उभी राहिली.

"माह्या चुलीतला विस्तव न्या, भाऊजी. भट्टीचा कोळसा मले देता येत नाई."

खुशालराव चुलीकडे न बघताच माघारी फिरले. माणिकबाईला रडू कोसळलं. पदरानं डोळे पुसत तिनं बादली उचलली आणि राख व्हायच्या आत पेटत्या भट्टीवर पाणी ओतलं.