उष्टी हळद

रेझिनचे तयार रंग मिळतात, पण घरात गेरू असताना विकतची बाटली आणायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. शहापूरला एका खोलीत मी लग्नातले हार, मुंडावळ्या रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनात, बसवून फ्रेम करून देते. गेरू चाळून घातला, झकास उतरला. खडूची भुकटीही चालली. पातळ नीळ घातली तर तिच्यातल्या पाण्यानं सगळं फसफसलं आणि आठवडाभर चिकटच राहिलं. ती फ्रेम मी भिंतीवर आपटून फोडली. राग माझ्या नाकावरच असतो.

धाकट्या बहिणीला टोकावड्याला दिली होती. तिला मुंडावळ्यांच्या मागं पिवळा रंग हवा होता. नवऱ्याला लावून मग तिच्यासाठी आलेली उष्टी हळद तिनं वाळवून डबीत जपली होती, तीच दिली. मी आधी थोडं करून बघायला हवं होतं. नाही बघितलं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर ओतला, ढवळायला लागले, तशी हळद केशरी झाली आणि बघता बघता लालभडक. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण हार्डनरही तेच करील हे मला सुचलं नाही. तोवर मुंडावळ्या आत बुडाल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे ताय, कुंकूच झालं ना," ती फोनवर म्हणाली. म्हणून मी ती फ्रेम घेऊन तिच्या सासरी गेले.

सासूनं ओटीवर फ्रेम हातात घेतली. "रगात दिसतंय यात. माझ्या पोराच्या जिवावर उठली काय गो?"

मी हार्डनरचं सांगायला लागले तेवढ्यात बहिणीचा नवरा आतून आला आणि त्यानं तिच्यावर हात उगारला. खरं तर हात वर जायच्या आधीच तिनं मान वळवून डावा कान झाकला होता. लग्नाला चारच महिने झाले होते. एवढ्यात तिला सवय लागली होती.

मी सासूच्या हातातली फ्रेम ओढली आणि त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. तो खाली बसला तरी मी अजून दोनदा हाणली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूनं माझे केस धरले, तिलाही मी ढकलली.

बहीण मात्र पदरानं त्याचं तोंड पुसायला बसली.

"चल," मी म्हटलं.

"नाय येणार. तू मारून जाशील ताय. मला हितंच ऱ्हायचंय."

तिला तिथं ठेवली तर तो तिला जिवंत सोडणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत रस्त्यावर आणली. बांगड्या फुटल्या. ती मला चावली, रस्त्यात बसली, तशी मी तिला फरफटवली. एसटीत चढवेपर्यंत हात सोडला नाही.

खोलीवर आल्यावर मी मलम घेऊन बसले. पाठीवर जुने वळ होते, ते त्याचे. मनगटावर ताजी बोटं उमटली होती, ती माझी. ती हात पुढं करीना.