रतनजोतीच्या पडीकातली आग

ती सकाळ आजही आठवते, आणि दर वेळी आधी माझा स्वतःचा हात दिसतो. गावच्या आखरावर, म्हणजे घरोघरची जनावरं चरायला निघण्याआधी जिथं गोळा होतात तिथं, मी गुराख्याच्या थोबाडीत मारली. अख्खं गाव बघत होतं. तो निर्दोष होता.

मी तेव्हा सालेकसा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जंगलालगतच्या पडीक जमिनीवर एका कंपनीनं रतनजोत लावली होती. बियांच्या तेलापासून डिझेल करायचं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथं आग लागली. वाळलं गवत पेटलं आणि लहान रोपं होरपळली. कंपनीच्या माणसानं फिर्याद दिली. पाठोपाठ खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, ढोरक्याले धरा. ग्रामसभेत बोलला होता, हे रतनजोत जाळून टाका म्हणून."

ढोरकी म्हणजे गावचा गुराखी. तो तसं बोलला होता, हे खरं. पडीक हीच त्याची चराई होती आणि रतनजोतीला जनावर तोंड लावत नाही. धमकी होती, कारणही होतं. मी बाहेरच्या जिल्ह्यातला. त्या नक्षलग्रस्त पट्ट्यात मला प्रत्येक गप्प माणसाचा संशय येई. मी आखरावर गेलो, त्याला मारलं आणि गाडीत घातलं.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

"आग कुणी लावली?"

"मले नाई माहीत जी."

"मग ग्रामसभेत काय बोललास?"

"बोललो. ढोरं उपाशी राहीन तं ढोरकी बोलनच ना? जाळाचंच असतं तं पूरी ग्रामसभा बोलावून सांगतलं असतं काय मी?"

आमचे हवालदार त्याच भागातले; ते खुदकन हसले. त्यामुळे माझा पारा आणखी चढला.

"पडीकाजवळ कोण दिसलं होतं?"

इथं मात्र त्यानं मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं. मान वर आली नाही. हा काहीतरी लपवतोय याची मला खात्री पटली. ती खात्री चुकीची नव्हती, म्हणूनच मी फसलो. स्टेशन डायरीत नोंद करून त्याला कोठडीत टाकलं.

पहिला पंचनामा घाईत उरकला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदारांना घेऊन पुन्हा पडीकावर गेलो. मोहफुलांचा हंगाम होता. झाडाझाडाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. रतनजोतीच्या अगदी कडेला मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याच्याखालची जमीन जळून काळी झाली होती, वर फुलांचा सडा पडला होता. तिकडं मात्र कुणी फिरकत नव्हतं.

"इथली फुलं का वेचत नाहीत?" मी हवालदारांना विचारलं.

"साहेब, इथं मोहाची झाडं घराघरात वाटलेली हायत. ज्याचं झाड, तोच वेचते. फुलं दिसाले पाहिजे म्हणून खालचा पाचोळाबी तोच जाळते."

"मग हे झाड कोणाचं?"

हवालदारांनी बायांना विचारलं. सगळ्या एकदम फुलं वेचायला वाकल्या. एकीनं तेवढी जवळच्याच एका झोपडीकडं चोरून नजर टाकली. तिथं कंपनीनं रतनजोतीच्या राखणीला ठेवलेला चौकीदार राहायचा. म्हणजे झाड कंपनीच्याच चौकीदाराचं. हवालदारांनी हळूच सांगितलं, तो गुराख्याच्या बहिणीचा नवरा, त्याचा भाटवा.

बहीण दारातच उभी होती. मी काही विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं.

"म्याच लावली जी. जाळ लहानसा होता, वारा सुटला. माह्या भावाले सोडा."

ठाण्यात येऊन मी गुराख्याला विचारलं, "आधी का नाही बोललास?"

"भाटव्याची नवकरी गेली असती ना. तुमी मले तं धरलंच होतं, मंग त्याले कायले वढू? गावात त्याचं नाव नोका सांगू साहेब."

आग अपघातानं लागल्याचा अहवाल मी पाठवला. त्याला सोडलं, आणि भाटव्याचं नाव न सांगण्याचं त्याचं म्हणणं ऐकून उपकार केल्यासारखा मोकळा झालो. गावाला मात्र एवढंच ठाऊक होतं की पोलिसांनी त्याला मारत नेलं. लोकांनी आपली जनावरं त्याच्याकडून काढून दुसऱ्याच्या हवाली केली. हवालदारांनी हे मला फोनवर कळवलं तेव्हा माझी बदली झाली होती. "बघतो," म्हणालो. काही बघितलं नाही.

माणूस लपवतोय हे मला चटकन कळायचं. लपवतोय म्हणजे गुन्हा त्याचाच, हे पुढचं मी पदरचं जोडायचो. बाकीच्या प्रकरणांत असं किती वेळा झालं असेल, हा विचार स्वेच्छानिवृत्तीनंतर मला सोडेना.

गेल्या उन्हाळ्यात सकाळीच त्या आखरावर गेलो. माणसं जनावरं सोडायला आली होती. तो स्वतःची एकुलती गाय नव्या गुराख्याच्या कळपात घालत होता. त्यानं मला ओळखलं.

"काऊन आले साहेब? आता कोणतं गवत पेटलं?"

लोक हसले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्या आगीशी या माणसाचा काही संबंध नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गावाला सांगितलं नाही."

एका म्हातारीनं विचारलं, "मंग लावली कोनं?"

त्यानं झटकन माझ्याकडं पाहिलं.

"ते सांगायला मी आलेलो नाही, आजी," मी म्हणालो आणि त्याच्यापुढं हात जोडले. "तुम्हाला मी इथं, सगळ्यांसमोर मारलं. म्हणून इथंच माफी मागतो. चूक माझी होती."