राबाचं शेण

संघरत्ना खर्डीजवळच्या आमच्या गावचा गवंडी. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, तो गोबरगॅसच्या टाक्या बांधायला शिकला. १९९८ साली पहिली टाकी त्याने धाऊबाबाच्या गोठ्याशेजारी बांधली. ती नीट चालली तर आणखी चार घरं त्याच्याकडून टाकी बांधून घेणार होती. नाहीतर त्याला पुन्हा शहापूरला बिल्डरकडे मजुरीला जावं लागणार होतं.

हिवाळाभर टाकी चालली. होळीनंतर शेगडीची ज्योत मंदावत गेली आणि एक दिवस विझली. गावात कुजबुज सुरू झाली. संघरत्नाने साबणाचं पाणी लावून नळीचे सांधे तपासले. गळती नव्हती. मग आम्हाला शेतात धाऊबाबा दिसला. भाताचं रोप करायच्या तुकड्यावर तो शेण पसरत होता. त्यावर पालापाचोळा टाकून जाळायचं, म्हणजे राब. आमच्याकडे त्याशिवाय कोणी भात पेरत नाही.

"बाबा, टाकीला शेण नाय?" संघरत्नाने विचारलं.

"गॅसवर भात शिजंल रे. उगवंल का?"

मी हसलो. संघरत्ना हसला नाही. शेण आधी टाकीत घाला, गॅस देऊन बाहेर पडलेली त्याची मळी वाळवून रोपाला घाला, एक तुकडा न जाळता पेरून बघा, असं तो म्हणाला. धाऊबाबा ऐकेना. त्याची बायको देवकी म्हणाली, "द्या एक तुकडा. गेला तर माज्या वाटणीचा भात गेला."

आषाढात रोप टरारून आलं. गवतही तितकंच आलं. राबात गवताचं बी जळतं, इथे ते जळलं नव्हतं. टाकी बांधू म्हणणारे लोक बघायला आले. त्यांतल्या नवसूने विचारलं, "दरसाल येवढं गवत?"

संघरत्ना काहीतरी सांभाळून घेईल असं मला वाटलं.

"येईल," तो म्हणाला. "जाळल्याबिगर जायाचं नाय."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. नवसू वळला. त्याची बायको गिरजा बांधावरच थांबली.

"निंदायला तुमी बसता का? आमीच बसतो. चुलीचा धूर बी आमीच खातो. दिवाळीनंतर बांध रे आमच्याकडं."

"अगो, राबाला शेण?"

"गोठा मी काढते. शेण कुटं जायाचं ते मी बगीन."

त्या साली चारांपैकी दोन घरांनी टाकी बांधली. दोन्हीकडे होकार बायकांचा होता. संघरत्ना शहापूरला गेला नाही.