लातूरचा म्हणून सही केली

मंडळी, आज डोकं फिरलंय.

जर्मनीत नवीन आलो, घरी नेट घ्यायचं होतं. दुकानातला माणूस लातूरचा, आपल्याच भागातला निघाला. "लई भारी प्लॅन हाय भाऊ, डोळे झाकून घ्या." मी कागद न वाचता सही केली.

आज लेकीचं बारसं. गावाकडं उमरीत आई-बाबा अन् अख्खी गल्ली मोबाइलसमोर बसलेली, अन् इथं नेटच जोडलेलं न्हाई! त्याला फोन केला तर म्हणतो, "जोडणीला महिना लागतो, कागदावर लिहिलेलं हाय की." त्याला कमिशन, मला दोन वर्षांचा करार!

गाववाला दिसला की अक्कल गहाण टाकणारा मी एकटाच हाय का?

मोबाइलच्या नेटवर व्हिडिओ सारखा अडकत राहिला. शेवटी आई म्हणली, "दिसलं न्हाई तर राहू दे. नाव तरी सांग, बाळा."